परक्या आईचं काम

धाकटी पन्नाशीला टेकली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली बहीण लग्न करून समुद्रापलीकडे गेली होती आणि अधूनमधून फोनवर "आईला जप हं" असं सांगायची. तेवढं सांगितलं की थोरलीचं कर्तव्य पार पडायचं. जपायला धाकटी होतीच.

आईने उभा जन्म मंडईत भाजी विकली. एक ढीग खपवायचा तर शेजारचा ढीग नासका आहे असं गिऱ्हाइकाला आधी पटवायचं, ही तिची रीत. शेजारचा ढीगही तिचाच असायचा, पण ते गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक? "हा घ्या, तो नका घेऊ, तो मी जावयाला पाठवणार आहे," असं म्हटलं की गिऱ्हाईक हसायचं आणि पिशवी पुढे करायचं. एक दिवस तराजू हातात असतानाच ती कलंडली. उजवं अंग गेलं. जीभ जराशी जड झाली, पण चालू राहिली. गल्लीतले म्हणायचे, त्या जिभेला यमसुद्धा भ्याला.

धाकटी तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. आईला इस्पितळातून घरी आणल्यावर तिने सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला, "घ्या की. परत येऊ नका म्हणजे झालं." मंडईतला गाळा त्यांनी दुसऱ्या भाजीवालीला दिला, त्याचं भाडं खोलीच्या भाड्यात जायचं. पोटाला उरलं सरकारी धान्याचं कार्ड. दोघींच्या नावाचं पीठ, तांदूळ, डाळ, तेल महिन्याच्या महिन्याला मिळायचं, आणि ओढूनताणून पुरायचं.

अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं, आणि ज्याने केलंय त्याला कायदे लिहायला कुणी बोलावत नाही. आईला साधं पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जायचं, म्हणून पाण्यात पावडर घालून ते दाट करायचं, चमच्याने पाजायचं, आणि गळ्याची घाटी हलल्याशिवाय दुसरा चमचा द्यायचा नाही. कूस बदलायची तर आधी मेलेला हात छातीवर घ्यायचा, गुडघा दुमडायचा, मग एक हात खांद्याला आणि एक कमरेला लावून आपल्याकडे ओढायचं. ढकलायचं नाही, ढकललं की ती घाबरायची. आई अंगाने भरलेली होती. धाकटीची कंबर रोज बोलायची.

अशात नवा नियम आला. धडधाकट माणसाने महिन्याला ठरलेले तास काम केलं तरच त्याच्या वाट्याचं धान्य. नाहीतर नाव बंद.

धाकटी पुरवठा कचेरीत गेली. टेबलामागचा कारकून चहात बिस्कीट बुडवत होता.

"काम काय करता?" त्याने विचारलं.

"आईचं करते. ती अंथरुणावर आहे."

"ते झालं घरचं. काम काय करता?"

"तेच सांगते ना. सकाळी उठल्यापासून डोळा मिटेपर्यंत तेच करते."

"ताई, घरचं काम हे काम नसतं." बिस्कीट चहात गळून पडलं, त्याने ते चमच्याने शोधलं. "तुम्ही हिंडताफिरता, हातपाय शाबूत आहेत. म्हणजे धडधाकट. तुमच्या आईंचं चालू राहील, तुमचं बंद होईल."

एकीच्या वाट्याचं दोघींनी खायचं, असा त्याचा अर्थ. हा नियम ज्या शहाण्याने लिहिला त्याचं स्वतःचं लहानपणी कुणी केलंच नसेल का? का तो जन्मल्या जन्मल्या पँट घालून कचेरीत येऊन बसला होता? धाकटीच्या मनात हे आलं, तोंडावर आलं नाही. कार्ड त्याच्या टेबलावर होतं.

एक पळवाट होती. आई पूर्णपणे परावलंबी आहे असा डॉक्टरचा दाखला मिळाला तर धाकटीला सूट. डॉक्टर घरी येत नव्हते, आईलाच न्यायला हवं होतं. गल्लीतल्या दोघा हमालांनी तिला खुर्चीसकट उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने डावा हात वर करायला सांगितला. आईने केला. नाव विचारलं. आईने नाव सांगितलं, वर डॉक्टर वाळलेल्या भेंडीसारखा दिसतो, घरी कुणी जेवायला घालत नाही का, असंही विचारलं.

"हात हलतो, बोलतात छान," डॉक्टर म्हणाला. "पूर्ण परावलंबी म्हणता येणार नाही."

येताना आई खुर्चीत गप्प होती. घराशी आल्यावर म्हणाली, "मी तोंड मिटून पडले असते तर बरं झालं असतं, नाही?"

"तू तोंड मिटलं असतंस तर त्यांनी मेली म्हणून दाखला दिला असता," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसून पोट भरत नाही, पण हसू आलं खरं.

कचेरीतल्या त्याच कारकुनाने मग तोडगा सुचवला. गृहसेवा नावाची योजना होती. धाकटीने दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन तिथल्या आजारी माणसाची सेवा करायची. ते तास कामात धरणार. धाकटी बाहेर गेली की तिच्या आईकडे योजनेतलीच दुसरी बाई येणार. तिचेही तास भरणार.

धाकटीने नीट समजून घेतलं. "म्हणजे माझ्या आईचं परक्या बाईने केलं तर ते काम?"

"हो."

"आणि मी परक्याचं केलं तर तेही काम?"

"बघा, किती पटकन समजलं तुम्हाला!" कारकून मनापासून खूश झाला.

तिला मिळालं शहराच्या दुसऱ्या टोकाचं घर. दोन बस बदलून जायचं. तिथे एक म्हातारा होता, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून त्याला घड्याळजी म्हणत. आता त्याच्या डोक्यातलंच घड्याळ थांबलं होतं. दिसेल ती वस्तू तो खोलायचा. रेडिओ खोलला, नळाची तोटी खोलली, दाराची कडी खोलली, आणि निघालेले स्क्रू हरवू नयेत म्हणून गालात ठेवायचा. धाकटी दार उघडून आत आली की तो आधी तिच्यामागे बघायचा. "सूनबाई कुठे गेली?" दिवसभर तेच. धाकटीच्या हातचा घास तो घ्यायचा नाही. घेतला तर स्क्रूसकट थुंकायचा.

इकडे आईचीही तीच तऱ्हा. येणारी बाई स्वभावाने गरीब होती, पण काडीपैलवान. आईला वळवताना ती ढकलायची, कारण ओढायला तिच्यात बळच नव्हतं. आई घाबरून अंग ताठ करायची. मग बाई निम्म्या वेळा वळवायचीच नाही. महिना उलटायच्या आत आईच्या माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग फुटली. संध्याकाळी घरी येऊन धाकटी ती जखम धुवायची आणि दातओठ खायची. बाईवर नाही. कुणावर ते तिला नीट सांगता आलं नसतं, त्याला तोंडच नव्हतं.

दोघींची गाठ पडायची नाही. धाकटी पहाटे निघायची, किल्ली शेजारणीकडे ठेवायची, आणि ती परतेपर्यंत बाई गेलेली असायची. कोण कुठे सेवेला जातं ते एकमेकींना सांगायचं नाही, ते गोपनीय, असाही नियम होता. पण एका संध्याकाळी पाऊस लागला आणि बाई अडकली. धाकटीने तिला जखम दाखवली.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मला जमत नाही हो. मी घरी सासऱ्यांचं करते, पण ते चालतात, मला उचलावं लागत नाही. आता तर त्यांच्याकडे योजनेची बाई येते. कशी करते देव जाणे. परवा त्यांच्या हिरडीला जखम होती."

"मी जाते तिथला म्हाताराही तसाच," धाकटी म्हणाली. "गालात स्क्रू ठेवतो. काढायला गेलं की चावतो."

बाई खाली बसली. सावकाश बसली, भिंतीला धरून. "डाव्या गालात?"

"डाव्या."

"आणि दिवसभर सूनबाई सूनबाई करतात?"

कळायला क्षण लागला. मग दोघी अशा हसत सुटल्या की शेजारीण काय झालं म्हणून डोकावली. पलंगावरून आई ओरडली, "काय झालं? मलाही सांगा की!" सांगितल्यावर आईसुद्धा अर्ध्या तोंडाने हसली. हसू ओसरलं तेव्हा धाकटीचा चेहरा लालबुंद झाला होता. रोज पहाटे ती या बाईच्या सासऱ्याकडे धावत होती, ही बाई तिच्या आईकडे धावत होती, वाटेत कुठेतरी त्यांच्या बसगाड्या एकमेकींना ओलांडत असतील. इकडे एकीच्या आईची पाठ सडत होती, तिकडे दुसरीच्या सासऱ्याचं तोंड. आणि कचेरीत दोघींच्या नावापुढे तास भरत होते.

"मी माझ्या घरी बसते, तू तुझ्या," धाकटी म्हणाली. "हजेरीवर घरच्यांचीच सही लागते ना? तुझ्यावर मी करते, माझ्यावर तू कर."

"पकडलं तर?"

"कशाबद्दल पकडतील? आपल्याच माणसाचं केलं म्हणून?"

सूनबाई, कारण धाकटी आता तिला त्याच नावाने हाक मारू लागली, पदराने डोळे पुसू लागली. मग म्हणाली, "त्यांना दूधभाकर कालवून दिली तरच खातात. तुम्ही डाळ देत होतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण धाकटीला ते लागलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. जखम भरत आली. घड्याळजी पोटभर जेवू लागला. दर आठवड्याला दोघी मध्यावरच्या बसथांब्यावर भेटून एकमेकींच्या हजेरीवर सह्या करायच्या, आणि चोरी केल्यासारख्या इकडेतिकडे बघायच्या. आई म्हणायची, "आपलीच मोरी आणि मुतायची चोरी." इतकी चपखल म्हण तिला मंडईत कधी वापरायला मिळाली नसेल.

आणि मग एका सकाळी तपासनीस आला.

दार उघडंच होतं. धाकटी पलंगाच्या कडेला बसून आईला दाट पाणी पाजत होती. दारात घामाघूम झालेला, पोट सुटलेला एक माणूस उभा होता. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र.

"गृहसेवा तपासणी," तो म्हणाला. "ह्या पेशंट? आणि तुम्ही सहायक..." त्याने पडद्यावर बघून सूनबाईचं नाव वाचलं.

धाकटीचा चमचा हवेत थांबला. 'नाही' म्हटलं तर दोघींची कार्डं गेली. 'हो' म्हटलं तर... पुढचा विचार करायला वेळच नव्हता.

"हो," ती म्हणाली.

"मुलगी घरात नाही?"

"कामावर गेली."

"तुमचं चालू द्या. मी फक्त बघतो."

तो स्टुलावर बसला आणि बघू लागला. धाकटीने घाटी हलायची वाट बघून दुसरा चमचा दिला. तोंड पुसलं. मग आईचा हात छातीवर घेतला, गुडघा दुमडला, आणि तिला अलगद आपल्याकडे ओढून कुशीवर घेतलं. पाठीची जखम बघितली, मलम लावलं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली. हात कामात कुठे चुकले नाहीत. तपासनीस मान हलवत राहिला. मोठ्याने बोलत त्याने पडद्यावर लिहिलं, "कामाचा दर्जा, उत्तम."

"हात फार चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "मी रोज घरं बघतो. निम्म्या बाया नुसत्या बसून असतात. तुम्हाला बाकीच्यांना शिकवायला पाठवायला हवं."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर धाकटीला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

मग त्याने स्टूल आईजवळ ओढलं. "आजी, ह्या बाई कशा आहेत?"

आईने धाकटीकडे पाहिलं. म्हातारीला सगळं समजलं होतं. मंडईत तिने पोलिसांना, पालिकावाल्यांना, वजनकाटे तपासणाऱ्यांना आयुष्यभर गुंडाळलं होतं. हा तर एकटा आणि घामाघूम.

"हिरा आहे, साहेब," आई म्हणाली.

"वेळेवर येतात?"

"कोंबड्याच्या आधी."

"छान." तो उठायला लागला. तो उठला असता, निघून गेला असता, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण पलंगावर पडल्यापासून आईला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. एक ढीग खपत आला की तिची जीभ शेजारच्या ढिगाकडे वळायचीच.

"माझ्या पोटची कार्टी असती तर तिने नसतं केलं एवढं," आई म्हणाली.

तपासनीस परत बसला. "का? मुलगी करत नाही?"

"ती? नासकी निघाली ती. संध्याकाळी येते, दार आपटते, स्वतः गिळते आणि झोपते. मी मेले का जगले, बघतसुद्धा नाही."

धाकटीने आईच्या पायाला चिमटा काढला. उजव्या पायाला. त्याला काही कळत नव्हतं.

"पाणी मागितलं तर देते?"

"म्हणते, मर एकदाची." आईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तिच्याकडे ते नेहमीच हुकमी असायचं.

तपासनिसाचा चेहरा बदलला. तो धाकटीकडे वळला. "तुम्ही रोज येता. हे खरं आहे?"

काय सांगणार? "मी... तिला फारशी बघितलेली नाही, साहेब."

"पाठीवरची जखम तिच्यामुळेच ना?" तो पुटपुटला. "पोटची मुलगी! आणि सरकारला परकी बाई पाठवावी लागते." मग आवाज मऊ करून त्याने विचारलं, "आजी, घाबरू नका. मारते का ती तुम्हाला?"

"कधीमधी," आई म्हणाली.



तपासनीस उठला आणि त्याने फोन काढला. "हे ऐकल्यावर मला गप्प बसता येत नाही. निराधार वृद्धांच्या आश्रयगृहात आज एक खाट रिकामी आहे. मी गाडी बोलावतो. आजी, आज रात्रीपासून तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आईचं तोंड उघडं राहिलं. ज्या जिभेने उभी मंडई पेलली होती, तिला आता एक शब्द सुचेना. तिने डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट पकडली आणि धाकटीकडे बघितलं. लहान मूल बघतं तसं. मग चादरीवर ओल पसरायला लागली.

फोन कानाला लावून तपासनीस पत्ता सांगत होता.

"ठेवा तो फोन," धाकटी म्हणाली.

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका."

"ठेव म्हणते ना!" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "मीच तिची लेक आहे. मीच ती नासकी. मीच दार आपटते, मीच गिळते. झालं समाधान?"

तपासनिसाने फोन खाली घेतला. त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने आईकडे पाहिलं. आई डाव्या हाताने छाती बडवत होती. "माझी आहे ती. माझीच आहे. मी खोटं बोलले, साहेब. विकायच्या नादात बोलले."

"काय विकायच्या?" तो बिचारा गोंधळला. आणि मग चिडला. फसवला गेलेला भला माणूस वाईट माणसाहून जास्त चिडतो. "ही फसवणूक आहे. सरळसरळ फसवणूक. जिची इथे ड्युटी आहे ती बाई कुठे आहे?"

"ती रोज येते. औषध आणायला गेलीय," धाकटी म्हणाली. हे तिने आधी ठरवलं नव्हतं. तोंडात आलं आणि मग त्यावर ती ठाम राहिली. "तिच्या कामात काही खोट नाही. मीच माझ्या ड्युटीवर जात नाही. घरात बसते. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. तिचं नाव लावलंत तर मी तुमच्या कचेरीच्या दारात आईला पलंगासकट आणून ठेवीन."

तपासनिसाने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. खोटं आहे हे त्याला कळत होतं. पण दुसरीला शोधत शहराच्या टोकाला जाण्यापेक्षा हे खोटं सोपं होतं. "बरं," तो म्हणाला. "तुमचं तेवढं लिहितो."

"आधी इकडे या."

"कशाला?"

"चादर ओली झालीय. तुम्ही तिला घाबरवलंत, तुम्हीच धरायचं. हा हात खांद्याला, हा कमरेला. ओढायचं, ढकलायचं नाही."

तो नाही म्हणू शकला नाही. टॅबलेट स्टुलावर ठेवून तो वाकला. आईचं वजन अंगावर आलं तसा त्याच्या तोंडातून आवाज निघाला. त्याने मान दुसरीकडे वळवली होती, पण वास वळवता येत नाही. धाकटीने ओली चादर गुंडाळत ओढून काढली, खालचं मेणकापड पुसलं, आईला पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, कोरडी चादर अर्धी अंथरली. "आता सावकाश इकडे. सावकाश! पोतं नाही ते."  उरलेली अर्धी चादर ओढेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला. आई डोळे मिटून पडली होती. परक्या पुरुषाने तिला अशी धरली होती आणि ती एक शब्द बोलली नाही. धाकटीला आयुष्यात कधी इतका राग आला नव्हता. नियमाचा आला, कचेरीचा आला, थोरलीचा आला, आईच्या जिभेचा आला, आणि या घामाघूम माणसाचा तर असा आला की त्याला तिथेच त्या ओल्या चादरीत गुंडाळावं.

मोरीवर जाऊन त्याने हात धुतले. बराच वेळ धुतले. परत येऊन स्टुलावर बसला, टॅबलेट मांडीवर घेतला. आता त्याचा आवाज परत कचेरीतला झाला होता.

"तुमच्या नावावर नोंद करायची आहे. आज सकाळपासून तुम्ही काय काम केलंत?"

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"काम. काय केलंत?"

"तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"मला विचारावं लागतं, ताई."

"मघाशी बघून बघून उत्तम लिहिलंत. हेच हात होते. हीच आई होती. आत्ता तुम्ही स्वतः धरलंत, घाम फुटला तुम्हाला. ते काय होतं?"

तपासनिसाने खाली बघितलं. तो ओरडला नाही. समजुतीच्या सुरात, जवळजवळ दिलगिरीने म्हणाला, "मघाशी तुम्ही त्यांच्या कोणी नव्हतात."

 धाकटीने आईच्या अंगावर पांघरूण घातलं.

तो पडद्यावर बोट टेकवत राहिला, पण बोटं ओली होती, पडदा ऐकेना. "पुसायला काही आहे का?" त्याने विचारलं.

"घरातलं आहे," धाकटी म्हणाली. "परक्याला देत नाही."

त्याने बोटं पँटला पुसली, उत्तम काढून टाकलं, आणि धाकटीच्या नावापुढे लिहिलं, काम नाही.